हातविणीची भेट: आधी धुणं, मग लोकर, मग वीण

कुणासाठी काही विणायचं ठरलं की बहुतेक जण आधी डिझाइन शोधतात, मग रंग ठरवतात आणि शेवटी दुकानात जी लोकर दिसेल ती आणतात. भेट द्यायची असेल तर हा क्रम उलटा करावा. स्वतःसाठी विणलेला स्वेटर आपण हाताने, हलक्या साबणात धुतो आणि सावलीत आडवा पसरतो. भेट दिलेला स्वेटर मात्र दुसऱ्या घरी जातो. तिथे तो जीन्स आणि टॉवेलांबरोबर मशीनमध्ये पडतो, नाहीतर धुण्याच्या दगडावर ब्रशने घासला जातो. म्हणून सुई हातात घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: वस्तू कोण धुणार, ती कुठल्या गावात वापरली जाणार आणि कुठल्या महिन्यात वापरली जाणार. याची उत्तरं मिळाली की लोकर आपोआप ठरते आणि लोकर ठरली की निम्मं काम झालं.

शुद्ध लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि त्याचा घट्ट नमदा होतो. तो पुन्हा सैल होत नाही. ज्या घरी मशीनशिवाय धुणं होत नाही, तिथे मशीनमध्ये धुता येईल असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलीच लोकर द्यावी. परदेशात राहणाऱ्या भावाबहिणींसाठी विणताना हे जास्तच लक्षात ठेवावं, कारण तिथे कपडे ड्रायरमध्येही जातात.

आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, आणि ती लुधियानाच्या गिरण्यांतून येते. भेटीसाठी ती वाईट मुळीच नाही. ती मशीन सोसते, टोचत नाही, तिला कसर लागत नाही आणि रंगही सहसा जात नाही. तिचा शत्रू एकच, उष्णता. वाफेची इस्त्री एकदा फिरली की विणीतली उसळी कायमची जाते आणि कापड लुळं पडतं. आगीजवळ ती वितळते आणि कातडीला चिकटते. म्हणून स्वयंपाकघरातली भांडी धरायची फडकी, गरम भांड्याखालची चकती किंवा देवघरात समईशेजारी राहणारी कुठलीही वस्तू अ‍ॅक्रिलिकची करू नये. या सगळ्यासाठी सूत.

सूत घाम शोषतं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात बाळासाठी तेच शहाणपणाचं. पण सुताला स्वतःची ताण नसते. लोकरीची १ सुलट १ उलट पट्टी ओढून सोडली की मिटते, सुताची तशी मिटत नाही आणि महिनाभरात मनगटाशी लोंबते. सुताच्या पट्ट्या दोन नंबर बारीक सुईवर विणल्या तर निदान काही काळ टिकतात.

खरेदीच्या वेळी गुंड्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, पाहावा आणि लागणारी सगळी लोकर एकाच वेळी, एकाच लॉटची घ्यावी. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, पण उन्हात पाठीवर सरळ रेघ उमटते. नाइलाजाने दोन लॉट वापरावे लागले तर दोन-दोन ओळी आलटून पालटून विणाव्यात, म्हणजे फरक पसरतो आणि रेघ दिसत नाही.

नमुन्याचा चौकोन

हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं आणि सगळी मापं इथेच चुकतात. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५ आणि १२ म्हणजे साधारण २.७५ मिमी. इंटरनेटवरचे नमुने मिलिमीटरमध्ये किंवा अमेरिकन नंबरांत असतात. त्यात ‘८’ दिसला आणि आपण ८ नंबरची सुई उचलली, तर काहीतरी भलतंच तयार होतं. अमेरिकन ८ नंबर ५ मिमीचा असतो.

फोर प्लाय, म्हणजे बारीक लोकर १० नंबरच्या सुयांवर, एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी विणली, तर १० सेंमीत साधारण २८ टाके आणि ३६ ओळी बसायला हव्यात. त्यासाठी ३४ टाके घालून १२ सेंमी विणावं, धुवावं, वाळवावं आणि मग मधले १० सेंमी मोजावेत. कडेचे टाके ताणलेले असतात, ते मोजात धरू नयेत. फरक किती पडतो ते हिशेबातच पाहा. १०४ टाक्यांचं टोपडं २८ च्या विणीत ३७ सेंमी होतं, २६ च्या विणीत ४० आणि ३० च्या विणीत जेमतेम ३५ सेंमी. टाके तेच, नमुना तोच, पण एक टोपडं डोळ्यांवर येतं आणि दुसरं डोक्यात जात नाही. टाके कमी बसत असतील तर सुई एक नंबर बारीक करावी. हात आवळून विणायचा प्रयत्न करू नये, कारण तो दहा ओळींनंतर पुन्हा सैल होतो.

बारशाचा सेट

स्वेटर, टोपडं आणि मोजे. महाराष्ट्रात हातविणीची सर्वांत जास्त दिली जाणारी भेट हीच असावी, आणि सर्वांत जास्त वाया जाणारीही हीच. कारण माप बारशाच्या दिवसाचं घेतलं जातं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंमी असतो, तिसऱ्या महिन्यात तो ४० च्या आसपास जातो, सहाव्यात ४२-४३ आणि वर्षाला ४५-४६. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतच डोकं ६ सेंमीने वाढतं. बारशाला अगदी बरोबर बसलेलं टोपडं महिन्या-दीड महिन्यात ट्रंकेत जातं.

माप ठरवायचं ते येणाऱ्या थंडीवरून. नाशिक-निफाड, पुणे, नागपूर-गोंदिया या भागांत थंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाळ मे महिन्यात जन्मलं तर डिसेंबरात ते सात महिन्यांचं असेल, म्हणून ६ ते १२ महिन्यांचं माप विणावं. सप्टेंबरात जन्मलं तर ३ ते ६ महिन्यांचं. डिसेंबरात जन्मलं तर मात्र खरंच लहान माप लागतं आणि तेही ताबडतोब. अशा वेळी सेटऐवजी फक्त टोपडं आणि मोजे करावेत. ते आठवड्यात होतात.

३ ते ६ महिन्यांच्या पूर्ण सेटला फोर प्लायची साधारण १५० ग्रॅम लोकर लागते. २०० ग्रॅम घ्यावी, उरलेली कामाला येतेच.

टोपड्यासाठी १० नंबरच्या सुयांवर १०६ टाके घालावेत. यातला दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीचा. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालावेत आणि मग एक सुई ओढून काढावी, म्हणजे कड सैल राहते. कपाळावर वळ उठवणारी टोपडी बहुतेक इथेच बिघडलेली असतात. वीण बरोबर असते, पहिली ओळ आवळलेली असते. १ सुलट १ उलट अशी ३ सेंमी पट्टी विणून पुढे एक ओळ सुलट एक ओळ उलट, सुरुवातीपासून ९ सेंमी होईपर्यंत विणावं. मग माथ्याची घट, म्हणजे दोन-दोन टाके एकत्र विणून टाके कमी करणं. १ सुलट, नंतर (११ सुलट, २ एकत्र) असं आठ वेळा, शेवटी १ सुलट. मागची ओळ पूर्ण उलट. पुढच्या सुलट ओळीत कंसातले ११ चे १०, मग ९, असं उतरत (१ सुलट, २ एकत्र) पर्यंत यावं. सुईवर १८ टाके उरतात. लोकर हातभर ठेवून तोडावी, बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून आवळावी, तोच धागा दुसऱ्यांदा फिरवावा आणि त्यानेच मागची शिवण खालपर्यंत आणावी. उंची १५ सेंमीच्या आसपास भरते. माथा टोकदार झाला तर आधीचा सरळ भाग थोडा वाढवून शेवटच्या चार घटी उलट ओळीतही घ्याव्यात, म्हणजे माथा गोल बसतो.

टोपड्याला गळ्याखाली बांधायच्या लांब लोकरीच्या नाड्या लावायची जुनी पद्धत आहे. दिसायला गोड असते, पण गळ्याभोवती दोरी नको. त्याऐवजी टोपडं कानांवरून पूर्ण खाली येईल इतकं खोल करावं, ते आपणच बसून राहतं. वरचा गोंडाही नको, बाळ तो ओढून तोंडात घालतं. आणि भेट देताना बाळाच्या आईला सांगावं की घरात झोपलेल्या बाळाला टोपडं घालून ठेवू नये. तान्ह्या बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, ते झाकलं की बाळ नको इतकं तापतं. टोपडं बाहेर नेताना.

मोज्यांची एकच तक्रार असते: राहत नाहीत. ४४ टाके घालून २ सुलट २ उलट अशी ५ सेंमी पट्टी विणावी. मग नाडीच्या भोकांची ओळ: (२ सुलट, लोकर पुढे, २ एकत्र) अकरा वेळा. लोकर पुढे घेतली की एक जास्तीचा टाका आणि त्याखाली भोक तयार होतं. एक ओळ उलट. आता पायाच्या वरच्या भागासाठी दोन्ही बाजूंचे १५-१५ टाके तसेच ठेवून मधले १४ टाके २० ओळी विणावेत. मग या जिभेच्या दोन्ही बाजूंनी १०-१० टाके उचलावेत. सुईवर ६४ टाके होतात. त्यांवर ८ ओळी सगळ्या सुलट. मग तळव्याची घट: १ सुलट, २ एकत्र, २६ सुलट, २ एकत्र, २ सुलट, २ एकत्र, २६ सुलट, २ एकत्र, १ सुलट. एक ओळ साधी सुलट, नंतर हीच घट २६ च्या जागी २४ ठेवून, पुन्हा एक साधी ओळ, मग टाके बंद. तळवा साधारण १० सेंमी भरतो.

जीभ आणि बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यात भोक पडतं. तिथे एक टाका जास्त उचलून पुढच्या ओळीत शेजारच्याबरोबर एकत्र विणला की ते बुजतं. तळव्याची शिवण कडेला कड लावून सपाट करावी, दुमडून शिवली तर आत कंगोरा होतो. नाडी साखळीची, ४० सेंमी लांब, आणि मागच्या बाजूला मधोमध दोन टाके घालून ती मोज्याला पक्की करावी. निसटली की ती बाळाच्या तोंडात जाते.

मोजा द्यायच्या आधी उलटा करून आतून बघावा. आत एकही सुटा धागा किंवा लांब तरंगता दोरा राहता कामा नये. बाळाच्या पायाच्या बोटाला असा धागा गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. याच कारणाने हातमोजांत आणि मोज्यांत जाळीची वीण घेऊ नये. जाळी दुपट्यालाही नको, बोटं अडकतात. ती हौस तोरणावर करावी.

स्वेटर पुढून उघडा असावा. डोक्यातून घालायचे स्वेटर मान न धरणाऱ्या बाळाला घालणं म्हणजे आईची परीक्षा. सहा महिन्यांच्या बाळासाठी तयार छाती ५० सेंमी ठेवली तर आत झबलं मावतं. म्हणजे पाठ ७० टाके आणि पुढचे दोन भाग प्रत्येकी ३५ अधिक बटणपट्टी. बाही ३ सेंमी जास्त लांब ठेवून दुमडायची, एक जास्तीचा महिना मिळतो. गळ्याचे टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्यावी. बटण चपटं, चार भोकांचं घ्यावं आणि आतल्या बाजूला एक छोटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवावीत. विणलेल्या कापडात नुसतं शिवलेलं बटण धाग्यासकट ओढून निघतं. शिवून झालं की जोर लावून ओढून पाहावं.

बाळाची पहिली संक्रांत जवळ असेल तर बोरन्हाणासाठी काळ्या सुताचं क्रोशाचं झबलं ही फार सुंदर भेट आहे, वर हलव्याचे दागिने खुलून दिसतात. फक्त काळ्या दोऱ्यावर टाके दिसत नाहीत. मांडीवर पांढरं कापड पसरून दिवसाउजेडी विणावं. आणि रंग जातो का ते आधी तपासावं: दोरा भिजवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. फडकं डागाळलं तर तो दोरा बाळाच्या अंगाला नको.

रुखवताचं तोरण

क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल आणि टेबलावरच्या चकत्या रुखवतात आजही मानाने मांडल्या जातात. यांतलं तोरण मला सर्वांत उपयोगी वाटतं, कारण ते लग्नानंतर खरोखर दारावर लागतं. अर्थात दाराचं माप घेतलं असेल तर. मुख्य दार साडेतीन फूट, आतली दारं तीन-अडीच फूट, आणि जुन्या घरांत काहीही. आधी विचारावं.

नमुना इंटरनेटवरून घेणार असाल तर एक खूण: त्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द असेल तर नमुना अमेरिकन आहे. ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. अमेरिकन सिंगल म्हणजे आपला मुका खांब (सुईवर दोरा न गुंडाळता घेतलेला बुटका टाका) आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब (दोरा एकदा गुंडाळून घेतलेला उंच टाका). ब्रिटिश डबल मात्र मुका खांबच. हे न पाहता विणलं तर तोरणाची उंची निम्मी किंवा दुप्पट होते.

चार पदरी सूत आणि ३ मिमीची क्रोशाची सुई घेतली तर १० सेंमीत साधारण २२ खांब बसतात. एक मीटरच्या तोरणाला ९ त्रिकोण घ्यावेत. विषम संख्या असली की एक टोक बरोबर दाराच्या मध्यावर येतं. प्रत्येक त्रिकोणाला २४ खांब, म्हणजे एकूण २१६. त्यासाठी २१८ साखळ्या घालाव्यात, आणि त्या ३.५ मिमीच्या सुईने, कारण साखळी नेहमी खांबांपेक्षा आवळली जाते आणि मग पाया धनुष्यासारखा वाकतो. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धराव्यात. खांबांच्या तीन ओळी झाल्या की पाया तयार. मग २४ खांबांवर एक साधी ओळ, आणि पुढे प्रत्येक ओळीत सुरुवातीचे दोन खांब एकत्र, शेवटचे दोन एकत्र, दोनच खांब उरेपर्यंत. बारा ओळींचा, साधारण १२ सेंमी लांब त्रिकोण होतो. दोरा न तोडता त्रिकोणाच्या कडेने सरकते टाके (उंची न वाढवता फक्त पुढे नेणारे) घेत पायापर्यंत परत यावं आणि पुढचा त्रिकोण सुरू करावा. नाहीतर नऊ त्रिकोणांचे अठरा धागे लपवत बसावं लागतं. कडेची झालर आणि टोकांचे गोंडे धरून १०० ते १२५ ग्रॅम सूत लागतं.

लांबीचा विचार उंच माणसाच्या डोक्याने करावा. पाया, त्रिकोण आणि ५ सेंमीचा गोंडा मिळून तोरण २० सेंमी खाली येतं. सात फुटी दाराला ते शोभतं. सहा फुटी दाराला पाहुण्यांच्या कपाळाला लागतं, तिथे त्रिकोणांची लांबी निम्मी ठेवावी.

तोरण दोन टोकांना खिळ्यांवर टांगलं की मधे झोळ पडतो. सूत स्वतःच्या वजनाने ताणतं आणि खळ दिली तरी हे थांबत नाही. पायाची वरची ओळ मागे दुमडून शिवावी आणि त्या नळीतून बांबूची बारीक काडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची सळी घालावी. धुताना ती काढता येते.

लाल आणि पांढरं एकाच तोरणात घ्यायचं असेल तर वर सांगितलेली फडक्याची चाचणी चुकवू नये. तोरण पहिल्यांदा धुतल्यावर सगळं पांढरं गुलाबी झालेलं दिसणं फार दुःखाचं असतं, आणि त्यावर उपाय नाही.

खळ साबुदाण्याची उत्तम. दोन चमचे साबुदाणा तीन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळून गाळून घ्यावा आणि कोमट असताना त्यात तोरण बुडवून, न पिळता दाबून पाणी काढावं. जाड थर्मोकोलवर प्लास्टिक पसरून प्रत्येक टोक न गंजणाऱ्या टाचणीने ताणून लावावं. साध्या टाचणीचा गंजाचा ठिपका निघत नाही. पावसाळ्यात खळ मऊ पडते आणि त्यावर बुरशी धरते, म्हणून जूनमध्ये तोरण उतरवून खळ धुऊन ठेवायला सांगावं.

ताटाखालच्या किंवा टेबलावरच्या गोल चकत्यांचं गणित सोपं आहे. मुक्या खांबांत ६ पासून सुरुवात आणि प्रत्येक फेरीत ६ वाढ, खांबांत १२ पासून आणि १२ ची वाढ. कड लाटांसारखी फुगली तर वाढ जास्त होतेय, वाटीसारखी उभी राहिली तर कमी. दोन फेऱ्यांतच हे दिसतं, तेव्हाच उसवावं.

मोठ्यांसाठी

मफलर सोपा समजला जातो आणि तो सर्वांत जास्त बिघडतो, कारण एक ओळ सुलट एक ओळ उलट विणलेली पट्टी दोन्ही कडांनी आत वळते. हा विणणाऱ्याचा दोष नसतो. सुलट आणि उलट टाक्यांचा ताण वेगळा असतो आणि सगळे सुलट टाके एकाच बाजूला आले की कापड वळतंच. कडेला चार-पाच टाके सतत सुलट ठेवले की थांबतं असं बरेच जण सांगतात. थांबत नाही, ती कडच अख्खी दुमडली जाते. इस्त्रीही करू नये, कारण ते वर सांगितलंच. सगळ्या ओळी सुलट, किंवा साबुदाण्याची वीण घ्यावी, म्हणजे १ सुलट १ उलट आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, सपाट राहतात.

डबल निटिंगची (फोर प्लायपेक्षा जाड) लोकर, ८ नंबरच्या सुया, ४५ टाके, २० सेंमी रुंदी, १५० सेंमी लांबी, साधारण २०० ग्रॅम. वेळेचा अंदाजही आधीच करावा. ४५ टाके आणि ४५० ओळी म्हणजे वीस हजारांवर टाके. मिनिटाला २५ टाके पडले तरी साडेतेरा तास लागतात. दिवाळीला चार मफलर द्यायचे असतील तर गणपतीच्या आधी सुरू करावेत.

आजीसाठी शाल विणताना वजनाकडे बघावं. जाड लोकरीची भरगच्च शाल उबदार वाटते, पण म्हाताऱ्या खांद्यांना ती ओझं होते आणि मग ती पलंगाच्या कठड्यावरच राहते. बारीक लोकर, जाड सुई, सैल वीण. मधे अडकलेली हवाच ऊब देते. कानटोपी विणताना मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मापातून दहावा भाग कमी करावा: ५६ सेंमीच्या डोक्याला ५० सेंमीची टोपी. आजोबा कानाला श्रवणयंत्र लावत असतील तर कानावरची पट्टी एकेरी आणि सैल ठेवावी. घट्ट टोपीत यंत्र शिट्टी मारतं.

क्रोशाची खेळणी हल्ली सगळ्यांना हवी असतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी प्लास्टिकचे डोळे लावू नयेत, दोऱ्याने भरावेत. सुई लेबलवर सांगितलेल्यापेक्षा एक माप बारीक घ्यावी, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतला कापूस दिसतो आणि बाहेर येतो.

देण्याआधी आणि नंतर

प्रत्येक टोकाला निदान १५ सेंमी धागा ठेवून तो तीन वेगवेगळ्या दिशांनी आत ओवावा. एकाच दिशेने ओवलेला धागा पहिल्या धुण्यात सरकून बाहेर येतो, सुताचा तर नक्कीच. गाठ मारून कापण्यावर विसंबू नये. मग वस्तू एकदा धुऊनच द्यावी. हाताचा घाम, दुकानातली धूळ जाते आणि टाके एकसारखे बसतात.

सोबत एक छोटी चिठ्ठी ठेवावी. त्यात लोकर कोणती, पाणी गार की कोमट, मशीन चालेल की नाही, इस्त्री करायची नाही, वाळवताना दोरीवर टांगायचं नाही, सपाट पसरायचं. ओला स्वेटर टांगला की स्वतःच्या पाण्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत लांबतो. चिठ्ठीला दोन मीटर लोकर गुंडाळून एक जादा बटण लावावं. पुढे भोक पडलं किंवा बटण हरवलं तर तोच रंग दुकानात सापडत नाही.

कपडे ठेवायचे कसे हेही त्याच चिठ्ठीत लिहावं, आणि बाळाच्या सेटसाठी तर ठळक अक्षरांत: डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यांतलं नॅफ्थलीन कपड्यांत उतरतं. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यावर रक्तातल्या लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता बाळाला आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीत नसतं. अ‍ॅक्रिलिकला कसर लागतच नाही, त्यामुळे गोळ्यांची गरजही नाही. शुद्ध लोकरीचा सेट असेल तर तो धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवावा, डब्यात वाळवलेला कडुलिंबाचा पाला टाकावा आणि पावसाळा संपल्यावर एकदा काढून ऊन दाखवावं.